चर्चा: हेडर सामायिक ठेवावीत की ज्याची त्याच्याकडे?

धोंडू_कर्नलवाला:
लिनक्स कर्नलपुरतं (म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यापुरतं) बोलतो. हेडर (अनेक फाइलींना लागणाऱ्या व्याख्यांची .एच फाइल) आधी एएसएम-जेनेरिकमध्येच, म्हणजे सगळ्या प्रोसेसरांच्या सामायिक फोल्डरातच असावं. प्रोसेसरचं खरंच काही निराळं असेल, तरच आर्च (त्या प्रोसेसर-प्रकाराच्या) फोल्डरात फाइल. आय३८६ आणि एक्स८६-६४ (इंटेल घराण्याचे ३२ आणि ६४ बिटी प्रोसेसर) यांच्या कोडची झाडं वेगळी होती, तेव्हा एकीकडे बग सुटला तरी दुसरीकडे तसाच राहायचा. शेवटी २.६.२४मध्ये (जानेवारी २००८) दोन्ही आर्च/एक्स८६खाली आली.

कडवट_कॉफी:
आली, पण कशी? सुरुवातीला कितीतरी हेडरांत नुसतं इफडेफ (अट घालून कोड निवडणं): ३२ बिटी असेल तर ही फाइल, नाहीतर ती. छप्पर एक, चुली दोन! आणि जेनेरिकचा खरा धोका वेगळाच आहे. बॅरिअर.एच बघा. आर्चने एमबी() (मेमरीतली वाच-लिही क्रमाने व्हावी म्हणून प्रोसेसरला घातलेला बांध) दिला नाही, तर तो नुसता कंपायलर बॅरिअर होतो, म्हणजे कंपायलरला अडवतो, प्रोसेसरला नाही. शिथिल मेमरी ऑर्डरिंगच्या (वाच-लिहीचा क्रम स्वतःच बदलणाऱ्या) प्रोसेसरवर कोड बिनबोभाट कंपाइल होणार आणि लोडखाली कधीतरी डेटा बिघडणार. शोधा मग.

धोंडू_कर्नलवाला:
पोर्ट करणाऱ्याने (कर्नल नव्या प्रोसेसरवर नेणाऱ्याने) बॅरिअरच लिहिला नाही, तर दोष फोल्डरांच्या मांडणीचा कसा? सिस्टिम कॉलांचं (प्रोग्रॅम कर्नलकडे क्रमांकाने करतात त्या मागण्यांचं) बघा. रीडचा (वाचण्याच्या कॉलचा) क्रमांक आय३८६वर ३, एक्स८६-६४वर ०. ज्याने त्याने आपापला तक्ता केल्याचं हे फळ. कर्नल ५.१पासून नव्या कॉलना जवळपास सगळीकडे एकच क्रमांक मिळतो, तेव्हा कुठे जरा शिस्त आली.

शेजारचा_बीएसडी:
फ्रीबीएसडीत (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टिम) आय३८६ आणि एएमडी६४चं (एक्स८६-६४चंच तिथलं नाव) सामायिक ते एसवायएस/एक्स८६ फोल्डरात, आणि मशीन/ (प्रोसेसरच्या खास) फोल्डरातली बरीच हेडरं नुसती तिकडे बोट दाखवतात. भाऊबंदांपुरतं सामायिक. अख्ख्या जगाला एकच फाइल कशाला?

कडवट_कॉफी:
धोंडूशेठ, क्रमांक हा यूजरस्पेसशी (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांशी) केलेला करार. तो सामायिक हवाच, वाद नाही. एमबी() हा त्या हार्डवेअरचा स्वभाव. तिथे फाइल नसेल तर बिल्ड थांबायला हवं. केबिल्ड (कर्नलची बिल्ड व्यवस्था) मात्र सक्तीच्या यादीतली फाइल आर्चने दिली नाही, तरी जेनेरिक असली की तिच्याकडे बोट दाखवणारी रॅपर फाइल गुपचूप तयार करून पुढे जातो.

धोंडू_कर्नलवाला:
बरं, बॅरिअरला एरर लावा, हरकत नाही. पण एका फाइलीपायी प्रत्येक पोर्टने बाकीच्यांच्या प्रती का सांभाळायच्या?

कडवट_कॉफी:
एक कुठली! कॅशेफ्लश.एच (प्रोसेसरच्या कॅशेतला, म्हणजे जलद साठ्यातला, जुना मजकूर साफ करण्याचं हेडर) उघडा. जेनेरिकमधली बहुतेक फंक्शनं रिकामी आहेत. व्हर्च्युअल पत्त्यावर चालणाऱ्या कॅशेच्या प्रोसेसरला ती दिलीत, तर फ्लश होणारच नाही आणि कंपायलर हूं की चूं करणार नाही.