'एस्केप' आणि 'अव्हॉइड' जर्मनमध्ये नेताना मराठीची वाट घ्यावी का?

पणजीहून, धागा सुरू करताना:
जर्मन शिकवताना एक चूक मला दरवर्षी दुरुस्त करावी लागते. इंग्रजी 'एस्केप' थेट कर्म घेते, म्हणून विद्यार्थी 'एन्टकोमेन'लाही (निसटणे) अकुझाटिवमधले, म्हणजे थेट कर्माच्या विभक्तीतले, कर्म जोडतात आणि पेर्फेक्ट काळ (झालेल्या क्रियेचा काळ) 'हाबेन'ने (इंग्रजी 'हॅव') करतात. प्रत्यक्षात ज्याच्यापासून सुटका झाली ते डाटिवमध्ये (मराठी चतुर्थीसारख्या विभक्तीत) येते आणि सहायक क्रियापद 'झाइन' (इंग्रजी 'बी') लागते. इंग्रजी वाक्य आधी मराठीत आणावे, असे माझे ठाम मत आहे. 'तो कुत्र्याच्या तावडीतून सुटला' म्हणताच कर्म उरत नाही, कर्त्याला 'ने' लागत नाही, आणि 'एर इस्ट डेम हुंड एन्टकोमेन' सहज सुचते. उलट 'त्याने वाद टाळला' यातला 'ने' आपल्याला 'फरमायडेन' आणि 'हाबेन'कडे नेतो. 'माझ्या नजरेतून सुटले' यासाठी जर्मन 'एन्टगेएन' वापरतात, तेही डाटिव आणि 'झाइन' घेऊनच.

मडगावहून प्रतिसाद:
सविनय असहमत. 'त्याने खड्डा चुकवला' यात 'ने' आहे, तरीही जर्मन 'आउसवायशेन' डाटिव आणि 'झाइन' घेते. 'तो झोपला' यात 'ने' नाही, आणि 'श्लाफेन'ला मात्र 'हाबेन' लागते. शिवाय आपले 'चुकवणे' इंग्रजीइतकेच सैल आहे: खड्डा चुकवला तर 'आउसवायशेन', कर चुकवला तर 'हिंटरत्सीएन'. 'टाळणे'ही तसेच, एखाद्या माणसाला किंवा जागेला कायम टाळायचे असेल तर 'मायडेन', अपघात टाळायचा असेल तर 'फरमायडेन'. इंग्रजीचा सापळा सोडून मराठीच्या सापळ्यात शिरण्यापेक्षा प्रत्येक क्रियापद त्याच्या विभक्तीसह आणि सहायकासह पाठ करणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

पणजीहून उत्तर:
'ने'ची खूण नियम म्हणून टिकत नाही, हे मान्य करते. 'श्लाफेन'चे उदाहरण मी वर्गातही सांगायला हवे होते. मात्र 'आउसवायशेन'चा गाभा वाट सोडून बाजूला होण्याचा आहे. 'तो खड्ड्यापासून बाजूला झाला' असे मराठी केले, तर त्यातली हालचाल दिसते आणि तिच्यामुळे 'झाइन' लागते हे विद्यार्थ्याला पाठांतराशिवाय कळते, आणि कारण कळलेले क्रियापद परीक्षेनंतरही लक्षात राहते.

मडगावहून पुन्हा:
पण 'चुकवला' सोडून 'बाजूला झाला' निवडायचे, हे आपल्याला 'आउसवायशेन' आधीच येत असल्यामुळे सुचले. ज्याला ते येत नाही, तो नवशिका 'चुकवला' हेच म्हणणार.