माघ सरताना काठाकाठाने : आपले अनुभव लिहा

विदर्भाला समुद्र नाही, पण काठ पुष्कळ आहेत. माघ सरून फाल्गुन लागताना तलावाच्या किंवा नदीच्या काठाने जे चालले असतील, त्यांनी काय पाहिले ते येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो.

नवेगावबांध परिसर, जि. गोंदिया :
आमच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी (पूर्वीच्या जमीनदारांच्या काळच्या) तलावावर, मी दर रविवारी पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, आतल्या अंगाने पाण्यालगत चालतो. दिवाळीत पाणी पाळीच्या दगडांना टेकलेले असते. फाल्गुनात ते इतके ओसरते, की मागच्या रविवारची माझीच पावले भेगाळलेल्या चिखलात वाळलेली सापडतात आणि नवा काठ त्यांच्याही दहा-बारा पावले पुढे असतो. मधल्या ओलसर पट्ट्यात कोवळे गवत येते व ते चरायला पट्टकादंब पक्षी उतरतात. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे ते दुरूनही ओळखू येतात. तिबेट-मंगोलियाकडे परतण्यापूर्वीचे हे त्यांचे शेवटचे आठवडे. थवा उठल्यावर मी तेथे गेलो, तेव्हा गवत विळ्याने कापावे तसे एकसारखे खुडलेले होते आणि हिरवट विष्ठेच्या कांड्या जागोजागी पडल्या होत्या. परवा गेलो तर कांड्या वाळून पांढुरक्या झाल्या होत्या, ताजी एकही नव्हती.

साकोली तालुका, जि. भंडारा :
आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार, काठावर फिरायला नव्हे, जाळे घेऊन जातो. बगळे रांगेने उभे दिसले की तेथे पाणी घोट्याएवढेच उरले असे समजावे आणि डोंगा तिकडे घालू नये, हे मी वडिलांकडून शिकलो. बेशरमाची झुडपे माजलेल्या काठाचे मात्र कौतुक कोणी करू नये. तेथे ना गवत उगवते, ना जाळे धड पडते.

दारव्हा, जि. यवतमाळ :
शाळेची सहल मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ल्याला नेली होती. ऑलिव्ह रिडले कासवाची तळहातात मावतील एवढी पिल्ले लाटेकडे सरपटताना मुलांनी पाहिली. सकाळी ज्या वाळूवर आम्ही बसलो होतो, ती दुपारी पाण्याखाली गेली. तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘सर, आपल्या तलावाला भरती कधी येते?’’ आषाढात, असे मी सांगितले.

वडसा, जि. गडचिरोली :
होळीच्या सुमारास वैनगंगेच्या पात्रातून पलीकडच्या फुललेल्या पळसांकडे पाहत चाललो होतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तरी मला उमजेना. डांगरवाडीतल्या, म्हणजे पात्रातल्या वेलांच्या मळ्यातल्या, बाईंनी ‘‘थांबा भाऊ!’’ म्हणून हाक मारली, तेव्हा पायाशी गोट्यांच्या रंगाची चार अंडी दिसली. अजून एक पाऊल पडते तर ती फुटली असती. बाईंनी त्या जागेभोवती काड्या रोवल्या होत्या. वेलांना पाणी घालताना त्या तेवढी वाळू कोरडी ठेवत.