ई. कोलायमधील कुर्कुमिनचा पिवळा रंग काही दिवसांनी नाहीसा का होतो?

प्रश्न (विद्यार्थिनी, फैजपूर):
आमच्या रावेर तालुक्यातील शेतात केळीबरोबर थोडी हळदही असते, म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हळदीचे पिवळे रंगद्रव्य, कुर्कुमिन, निवडले. हळदीतील विकरांची (एन्झाइमांची) जनुके प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या वेगळ्या वर्तुळावरून) ई. कोलाय या जिवाणूत घालून माध्यमात फेरुलिक आम्ल (कुर्कुमिनचा कच्चा माल) मिसळले, तेव्हा पहिल्या दोन फ्लास्कमध्ये पिकलेल्या लिंबासारखा रंग आला. त्याच कल्चरमधून चार वेळा नवे कल्चर लावल्यावर मात्र वाढ जोमाने होते आणि रंग जवळजवळ दिसत नाही. प्लाझ्मिड नसलेल्या पेशी मराव्यात म्हणून अँपिसिलिन हे प्रतिजैविक प्रत्येक वेळी घातले आहे. चूक कोठे होत असावी? शिवाय वडील विचारतात की जिवाणूच कुर्कुमिन करू लागले, तर आपल्या हळदीचे काय होणार?

उत्तर १ (जळगाव):
वाढ जोमाने होते, यातच आपले उत्तर आहे. कुर्कुमिनच्या एका रेणूसाठी फेरुलॉइल-कोएचे (फेरुलिक आम्लापासून पेशीत बनणाऱ्या रूपाचे) दोन आणि पेशीतील मॅलोनिल-कोएचा एक रेणू खर्च होतो, आणि हेच मॅलोनिल-कोए जिवाणूला स्वतःच्या पटलातील मेदाम्ले तयार करण्यासाठी हवे असते. त्यामुळे ज्या पेशीतून प्लाझ्मिड निसटते, ती हलकी होऊन भराभर वाढते आणि चार फेऱ्यांत सगळा फ्लास्क व्यापते. अँपिसिलिनवर विसंबू नये, कारण प्लाझ्मिड असलेल्या पेशींचे बीटा-लॅक्टमेज हे विकर ते माध्यमातच तोडते आणि त्या आडोशाने प्लाझ्मिड नसलेल्याही जगतात. साध्या आणि अँपिसिलिनच्या प्लेटवर सारखेच कल्चर पसरवून वसाहती मोजाव्यात. पुढे प्रत्येक वेळी ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या मूळ साठ्यापासूनच सुरुवात करावी आणि इंड्यूसर (घातलेली जनुके चालू करणारे रसायन) पेशी पुरेशा वाढल्यावरच घालावा.

उत्तर २ (धुळे):
माध्यमाचा सामू (पीएच) देखील पाहावा. चुन्यात हळद लाल होते हे कुंकू करणाऱ्या घरांना ठाऊकच आहे. परंतु सामू ७ च्या वर गेला की पाण्यातील कुर्कुमिन लवकर विघटितही होते. म्हणून रंग डोळ्यांनी न जोखता इथिल अ‍ॅसिटेटमध्ये काढून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मोजावा. इंड्यूसर घातल्यानंतर तापमान २५ अंशांवर आणल्यास विकरांची घडी अनेकदा नीट बसते, मात्र आपल्याकडच्या एप्रिलमध्ये त्यासाठी कूलिंग असलेलाच शेकर लागेल.

उत्तर ३ (चोपडा):
वडिलांना आर्टेमिसिनिन या वनस्पतीपासून मिळणाऱ्या हिवतापावरील औषधाचे उदाहरण सांगावे. त्याचे पूर्वद्रव्य असलेले आर्टेमिसिनिक आम्ल २०१३ पर्यंत लिटरला २५ ग्रॅम इतके मिळू लागले, तेही जिवाणूत नव्हे तर यीस्टमध्ये; तरीही वनस्पतीपासून काढलेला माल स्वस्त पडल्याने ते पीक बाजारातून गेले नाही. हळदीत तर कुर्कुमिन काही टक्केच असते, आणि स्वयंपाकघरात हळद जाते ती तिच्या तेलासह, वासासह.

प्रश्नकर्ती:
आज प्लेट पाहिल्या. साध्या प्लेटवर १४२ वसाहती आल्या, अँपिसिलिनच्या प्लेटवर ९; म्हणजे बहुतेक पेशींतून प्लाझ्मिड निसटलेच आहे. मूळ साठ्यातील एक नळी शिल्लक आहे. सोमवारी तिच्यापासून पुन्हा सुरुवात करते.