शाळेच्या वाचनालयाने तुम्हाला (किंवा तुमच्या मुलांना) वाचतं कसं केलं?

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत जुन्या पुस्तकांची छाननी चालू होती. एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारीखपट्टी बघत बसले. एकूण बारा नोंदी, त्यातल्या सात एकाच क्रमांकाच्या. म्हणजे कुणीतरी ते पुस्तक नेलं, परत केलं, पुन्हा नेलं, असं सात वेळा. कोण असेल? आणि ते पुस्तक त्याला कुणी दिलं असेल, की शोधता शोधता सापडलं असेल?

त्यावरून हा धागा. 'वाचन चांगलं, मोबाइल वाईट' हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ते नको. वाचनालयाने नेमकं काय केलं, किंवा काय करायचं टाळलं, म्हणून कुणी वाचायला लागलं ते लिहा. उलटा अनुभव असेल तर तोही चालेल. काही जणांना मी मुद्दाम गळ घातली आहे. त्यांनी आता अंग काढून घेऊ नये.

*

शाळेत ग्रंथपाल, सव्वीस वर्षं

गळ घातलेल्यांपैकी मी पहिली, म्हणून सुरुवात करते.

रुजू झाले तेव्हा आधीच्या ग्रंथपालांकडून मला पुस्तकं नाही मिळाली, किल्ल्यांचा जुडगा मिळाला. चौदा कपाटं, काचेची दारं, प्रत्येकाला कुलूप. मुलांनी यादीत नाव शोधायचं, चिठ्ठीवर लिहायचं, मग मी पुस्तक काढून द्यायचं. आता ज्याने पुस्तक पाहिलंच नाही त्याने नाव काय म्हणून लिहायचं? मुलं यादीतलं पहिलं नाव लिहायची. त्यामुळे 'अ'पासून सुरू होणारी पुस्तकं फाटून गेली होती आणि 'स', 'ह' कोरी करकरीत!

एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे पाच नियम १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला पहिला, ग्रंथ हे वापरासाठी असतात. शिकताना वाटायचं, हे काय सांगायला हवं? त्या नियमाच्या विवेचनात त्यांनी युरोपात पूर्वी पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत त्याचा दाखला दिला आहे. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं. तो जुडगा हातात आल्यावर कळलं, साखळीच्या जागी कुलूप आलंय इतकंच.

कुलपं काढायला मला दोन वर्षं लागली. विरोध वाचनाला नव्हताच. पुस्तक हरवलं तर दाखल नोंदवहीत ते दाखवायचं कसं, आणि भरपाई कुणाच्या पगारातून, ही भीती होती. भीती खोटीही नव्हती. मुख्याध्यापकांनी लेखी दिलं की वर्षाला अमुक इतकी पुस्तकं गहाळ होणं गृहीत धरलं जाईल, तेव्हा दारं उघडली. पहिल्या वर्षी अकरा पुस्तकं गेली. त्यातली चार पुढच्या वर्षी गुपचूप फळीवर परत आली.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. पुस्तकाचा कणा बाहेर ठेवला तर लहान मुलाला दिसते ती एक रंगीत पट्टी. मुखपृष्ठ समोर ठेवलं की पुस्तक दिसतं. प्रत्येक फळीवर दोनतीन पुस्तकं अशी तोंड पुढे करून उभी करा आणि आठवड्याने बदला. संध्याकाळपर्यंत तीच आधी गेलेली असतात.

*

एका डायनोसॉरवेड्याची आई

माझा मुलगा दुसरीत असताना गोष्टी वाचायचाच नाही. 'मग पुढे काय झालं' याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. वर्गशिक्षिकांनी वहीत लिहून पाठवलं, वाचनाची आवड नाही. घाबरून मी वाचनालयाच्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "अहो, तो रोज येतो की! ५६७च्या खणापाशी बसलेला असतो."

वाचनालयात पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देतात त्या ड्यूई दशांश पद्धतीत (ही मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडली) सगळं ज्ञान दहा मोठ्या वर्गांत विभागलेलं असतं. पाचशेमध्ये विज्ञान येतं आणि डायनोसॉर ५६७.९ला सापडतात. माझ्या मुलाला स्वतःचा जन्मदिनांक नीट सांगता यायचा नाही, पण हा आकडा पाठ होता.

बाईंनी 'आता जरा गोष्टी वाच बाळा' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, हे सगळे मेले कशाने? हा म्हणाला, आकाशातून मोठा दगड पडला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मग त्या म्हणाल्या, तो दगड आला कुठून ते ५२३मध्ये आहे. झालं. तिथून धूमकेतू, लघुग्रह, मग ज्वालामुखी. ५५१ला असतात ते, हे आता मलाही पाठ आहे. चौथीत कधीतरी अवकाशयानातून हरवलेल्या माणसाची एक गोष्ट त्याने स्वतःहून आणली, कारण यानाचं चित्र बरोबर काढलेलं होतं.

आकृत्यांखालच्या ओळी, तक्ते, 'तुम्हाला माहीत आहे का' अशा चौकटी, हे सगळं वाचनच असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

*

वाचनापासून पळालेला

माझा उलटा अनुभव. शाळेचं नाव सांगत नाही.

आठवड्यातून एक तास वाचनालयाचा. एक पुस्तक मिळायचं, ते वर्गातल्या बसण्याच्या क्रमाने. माझ्या वाट्याला जे येईल ते. पुढच्या आठवड्यात त्याचा सारांश, आवडलेली व्यक्तिरेखा, मिळालेला बोध आणि दहा नवीन शब्द अर्थासह. सारांश आला नाही तर पुढचं पुस्तक नाही. वर्गात कुणी दंगा केला की शिक्षा काय? "जा, वाचनालयात जाऊन बस."

मी बोध लिहिण्यात इतका पटाईत झालो की पुस्तक न उघडता लिहायचो. प्रामाणिकपणाचं फळ, एकीचं बळ, असे पाचसहा बोध आलटून पालटून. कधीच पकडला गेलो नाही. शाळा सुटली आणि पुढची बारा वर्षं मी एकही पुस्तक हातात धरलं नाही. आता वाचतो, पण अर्ध्यात कंटाळा आला तर पुस्तक मिटताना अजून अपराधी वाटतं.

*

वरच्यांना उत्तर (पुन्हा ग्रंथपाल)

अर्ध्यात सोडायची मुभा आम्ही आता पाटी लावून देतो. 'वीस पानं वाचली, नाही जमलं, परत आणा. कारण विचारणार नाही.' पाटी लागल्यावर जाडी पुस्तकं जास्त जाऊ लागली, कारण ती नेण्यात धोका उरला नाही.

सारांशवाल्या चुकीत मीही सामील होते, कबूल करते. आमच्याकडे 'सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्यास बक्षीस' होतं. दोन महिन्यांत बत्तीस पानांच्या आतली सगळी पुस्तकं संपली. सातवीतली मुलं पहिलीची चित्रपुस्तकं नेऊन नोंदी करत होती. बक्षीस वाटून झालं आणि पुढच्या सोमवारी वाचनालयात शुकशुकाट.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३मधला एक प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांवरचा. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. नंतर बक्षिसाची बोली नसताना तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना आधी न सांगता तेच प्रशस्तिपत्रक दिलं होतं, त्यांचं तसं झालं नाही. आमच्या मुलांना पुस्तकं नको झाली होती असं नाही. 'वाचलं की काहीतरी मिळतं' हे आम्हीच शिकवलं आणि मग ते द्यायचं बंद केलं.

*

नववीत पुस्तकं चिकटवणारा

मला अक्षरं नीट लागायची नाहीत. आता त्याला नाव आहे, तेव्हा 'लक्ष नाही' म्हणायचे. मोठ्याने वाचायची पाळी आली की मी पोट धरायचो.

वाचनालयातल्या सरांनी मला वाचायला बोलावलं नाही, कामाला बोलावलं. सुटलेली पानं डिंकाने लावायची, कण्याला कापडी पट्टी मारायची, शिक्के उठवायचे. हाताने मी हुशार होतो. पुस्तक दाबाखाली ठेवलं की ते सुकेपर्यंत दुसरं काही करता यायचं नाही. मग समोर जे उघडं असेल ते बघत बसायचो, कुणी ऐकायला नसताना.

सहा महिन्यांनी सर म्हणाले, पहिलीच्या मुलांना दर शुक्रवारी चित्रपुस्तक वाचून दाखवायला कुणी नाही, तू जाशील? त्यांनी काय केलं ते मला फार उशिरा समजलं. नववीतल्या मुलाने चार ओळींचं पान असलेलं पुस्तक हातात धरलं तर वर्ग हसतो. पण पहिलीच्या मुलांसाठी तयारी करतोय म्हटल्यावर कोण हसणार? मी आठवडाभर तेच एक पुस्तक घोकायचो. पाच वर्षांच्या श्रोत्यांना अडखळणं कळत नाही, त्यांना वाटतं मुद्दाम थांबलाय. एकदा मी 'भयंकर' या शब्दावर अडलो तर समोरची पोरं श्वास रोखून बसली!

पुढे त्याच सरांनी ध्वनिमुद्रित पुस्तकं मिळवली. कानात आवाज, बोट ओळीवर. पहिलं जाड पुस्तक मी असं संपवलं. ते 'खरं वाचन' आहे का यावर शिक्षकखोलीत वाद झाला म्हणे.

*

नाव नको

आमच्या बाई छान वाचून दाखवायच्या आणि नेमक्या ठिकाणी पुस्तक मिटायच्या. "पुढचं ज्याला हवंय त्याने न्यावं. एकच प्रत आहे." मधल्या सुट्टीत रांग. माझा क्रमांक सतरावा होता. तोवर धीर निघेना म्हणून त्याच खणातलं शेजारचं नेलं.

*

निर्लेखनवाली

सगळे पुस्तकं आणण्याबद्दल बोलताहेत, मी काढण्याबद्दल, म्हणजे निर्लेखनाबद्दल बोलते. आमच्या खगोलाच्या खणात नऊ ग्रहांची सहा पुस्तकं होती. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला २००६मध्ये बटुग्रह ठरवलं, तरी ती पुस्तकं तिथेच. पाचवीतल्या एका मुलीने प्लूटोवर पेन्सिलीने फुली मारली होती. दंड कुणाला करायचा, तिला की आम्हाला?

त्या उन्हाळ्यात जवळजवळ एकतृतीयांश पुस्तकं बाद केली. वाळवी लागलेली, चुकीची, बारीक टाइपाची, वीस वर्षांत एकदाही न गेलेली. कागदोपत्री हे फार कटकटीचं असतं, समिती, याद्या, सह्या. एकही नवं पुस्तक आलं नव्हतं. शाळा उघडल्यावर मुलं आत येऊन म्हणाली, "बाई, किती नवीन पुस्तकं आणलीत!"

*

आठवी ते दहावीचं वाचनालय सांभाळणारा

लहान मुलांचं सगळे सांगताहेत. माझ्याकडे येतात ती पाचवीत धबाधबा वाचणारी आणि आठवीत गप्प झालेली. अभ्यास, क्लास, मित्र, सगळं खरं. मी मधल्या सुट्टीत खोली उघडी ठेवतो आणि 'शांतता राखा'ची पाटी काढून टाकली आहे. अर्धी मुलं बुद्धिबळ खेळतात, काही नुसती पंख्याखाली बसतात. निरीक्षणाला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, इथे वाचतंय कोण? मला पटकन उत्तर सुचलं नाही.

एक सोय मात्र केली आहे. प्रत्येक पुस्तकात मागे एक कोरी चिठ्ठी ठेवतो, पुढच्या वाचकासाठी. सही नको, बोध नको. बहुतेक कोऱ्याच परत येतात. काहींवर मिशा काढलेल्या असतात. परवा एका कादंबरीत निघालं, 'पान ११२ घरात कुणी नसताना वाच.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'बसमध्ये वाचलं. चूक झाली.' आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'कोण आहात तुम्ही दोघं?'

ते पुस्तक सध्या बाहेर गेलेलं आहे. परतीची तारीख उलटून चार दिवस झाले, मी अजून आठवण केलेली नाही.