मदत हवी आहे: एकाच रोडियम डिटेक्टरचं वाचन कमी, दोष नेमका कुठे?

दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीत एका इंधन-जुडग्यात वेगवेगळ्या उंचीवर सात रोडियम एसपीएनडी (बाहेरून वीजपुरवठा न लागणारे न्यूट्रॉन डिटेक्टर) आहेत. खालून चौथ्याचं वाचन गाभ्यातल्या सममित जागांपेक्षा 6 टक्के कमी येतंय. वरचे-खालचे जुळतात, त्यामुळे शक्ती खरंच घटली असेल असं वाटत नाही.

विलंबाचा प्रश्न नाही (रोडियमने न्यूट्रॉन शोषल्यावर बनणाऱ्या रोडियम-104 च्या क्षयातून संकेत येतो, म्हणून तो थोडा मागे राहतो). रोडियम-104 चं अर्धायुष्य 42 सेकंद, त्याच्या मितस्थायी अवस्थेचं सुमारे 4.3 मिनिटं, वाचनं शक्ती स्थिर होऊन अर्धा तास झाल्यावरच घेतली आहेत. जमा झालेल्या विद्युतभारावरून झिजेची (वापरात रोडियम संपत जाण्याची) दुरुस्तीही केली आहे, पण सुरुवातीची संवेदनशीलताच चुकीची भरली गेली असेल तर?

दुसरा संशय केबलच्या इन्सुलेशनवर. प्रवर्धकाचा इनपुट रोध बदलून पाहिला आणि वाचन बदललं, तर गळती. तसंच राहिलं, तर संवेदनशीलता. ही चाचणी पुरेशी आहे का? की पार्श्वभूमी तारेची (केबलमध्येच निर्माण होणारा प्रवाह मोजणाऱ्या, रोडियम नसलेल्या तारेची) वजाबाकी आधी तपासावी?

आणि तोवर या डिटेक्टरला शक्ती-नकाशातून वगळावं की गुणक लावावा? गुणक लावला तर खरा स्थानिक बदल झाकला जाईल, ही खरी भीती आहे.