५५ इंची टीव्हीत आयपीएस पॅनल घ्यावं की व्हीए (पडद्याचे दोन प्रकार)? मदत हवी आहे

जुळे सोलापूरला राहतो. सोफ्यापासून भिंत नऊ फूट (टेपने मोजली), बजेट ५० हजार. रात्री क्रिकेट-सिनेमे, दुपारी आईच्या मालिका. गेमिंग नाही.

आधी प्रोजेक्टरचं खूळ होतं. मित्राचा दोन दिवस आणून लावला. रात्री शंभर इंची चित्र झकास, पण हॉलची खिडकी पश्चिमेला. तीननंतर खिडकीवर दोन सोलापुरी चादरी टांगल्या तरी मालिकेतली सासू-सून दोघी पांढऱ्याफटक! खोक्यावर लुमेन्स (उजेडाचं माप) ९,०००, खाली बारीक अक्षरात अन्सी लुमेन्स (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला खरा उजेड) ३००. त्यामुळे प्रोजेक्टर बाद.

आता ५५ इंची फोरके टीव्ही. रुंदी साधारण चार फूट, भिंतीवर बसतो. स्टॅबिलायझर आहे, साउंडबारही आहे. ऑनलाइन नको, सर्व्हिस इथलीच हवी.

घोळ पॅनलचा. आई दिवाणावर अगदी कडेला बसते, म्हणून कडेनेही रंग टिकवणारं आयपीएस बरं वाटतं. पण रात्री दिवे घालवल्यावर त्यात काळा रंग राखाडी दिसतो, तिथे व्हीए सरस. दुकानात दोन्हीवर तेच भडक डेमो व्हिडिओ, काही कळत नाही.

व्हीए पॅनल कडेने पाहणारं कुणी घरात आहे का? रंग कितपत उतरतात? आणि दुपारच्या उजेडासाठी किमान किती निट्स (पडद्याच्या उजळपणाचं माप) बघू?