दोन कोर दिलेत ना, मग दोनच दिसू द्या!

रामबागवाला: काल इथेच कुणीतरी लिहिलं, 'कंटेनरपासून (प्रोग्रॅम चालवायच्या वेगळ्या कप्प्यापासून) प्रोसेसरचे कोर लपवणं म्हणजे कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) खोटं बोलायला लावणं. ज्याला गरज असेल त्यानं आपला कोटा वाचावा.' वाचून पोहे घशात अडकले. आमच्याकडे ६४ कोरचं मशीन, कंटेनरला कोटा दोनचा. पायथनला विचारलं किती, तर म्हणतो ६४. कामं वाटून देणाऱ्या त्याच्या पूलनं निमूट ६४ प्रोसेस उघडल्या. दर १०० मिलिसेकंदांना २०० मिलिसेकंद सीपीयू-वेळेचा कोटा (दोन कोरचे शंभर-शंभर), तो ६४ जणांनी मिळून साधारण तीन मिलिसेकंदांत फस्त केला, मग उरलेले ९७ सगळे ठप्प. रात्री अडीचला थ्रॉटलचा, म्हणजे कोटा संपून थांबवल्याचा, आकडा पळताना बघत होतो. मी मॅनेजरला तेव्हाच बोललो, सीपीयूसेट लावा, कंटेनर ठरावीक कोरांवरच बांधा, विषय संपवा.

छप्पनवरचा: कसला संपतो भिया? सीपीयूसेट लावलास तरी प्रॉकमधल्या सीपीयूइन्फोत (कर्नलच्या माहितीच्या फाइलीत) ६४ च दिसणार. एनप्रॉक ही कमांड तेवढी दोन सांगेल. त्या फाइलीतही दोन हवेत तर ती बदलून दाखवणारं एलएक्ससीएफएस बसव. आणि बाजूचे ६२ मोकळे असले तरी तुझा कंटेनर त्या दोनांतच घुसमटणार. आमच्या टीमनं एकमेकांची ओळ कॉपी केली, सगळे '०-१' वर, म्हणजे पहिल्या दोन कोरांवर. दोन कोर तापलेले, बाकी मशीन झोपलेलं.

पुण्यातून: मॅनेजरला 'बोललो' नव्हे, 'म्हणालो'.

रामबागवाला: आलेच! थ्रॉटलिंगवर एक अक्षर नाही, पण व्याकरण तपासायला हजर. १९१७, १९३५, २००१, तीनदा साहित्य संमेलन इंदूरला झालं. तेव्हा चालली आमची मराठी?

पुण्यातून: मांडव घातला म्हणून 'बोललो' शुद्ध होत नाही.

सराफ्यातली: माझी आजी अख्खं आयुष्य 'बोलली'च. तिला पुण्यात दुकानदारानं हिंदीत उत्तर दिलं होतं, ते आधी सुधारा.

पुण्यातून: दुकानदाराचं मी काय करू?

छप्पनवरचा: भांडा निवांत. मूळ मुद्दा: दोष भाषांच्या रनटाइमचा, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या भागाचा, आहे. जावा ८ अपडेट १९१ पासून कोटा वाचते, गो १.२५ पासून. पायथन ३.१३ मध्येही फक्त अ‍ॅफिनिटी (कुठल्या कोरांवर चालायची मुभा आहे ते) बघतो, कोटा नाहीच. वर्कर्सचा (पूलच्या प्रोसेसचा) आकडा हातानं लिही, कोर लपवायची गरजच नाही.

रामबागवाला: म्हणजे चाळीस सर्व्हिसेसमध्ये हातानं आकडे भरत बसू? धन्य आहे! तुमच्याकडे वेळ बराच दिसतोय.

सराफ्यातली: तो आकडा सगळ्यांना वाचता येईल असं पर्यावरण व्हेरिएबल एकदा टाक, चाळीस ठिकाणी कशाला? आणि तुझ्या त्या सीपीयूसेटमध्ये कुठले कोर लिहिलेत, ते बघितलंस का?

रामबागवाला: …बघितलं. तीन कंटेनर '०-१' वर बसलेत. हसू नका.

पुण्यातून: 'बसलेत' बरोबर आहे.